मशुमी पक्ष आणि इंडोनेशियाचें राज्य

इस्लामी राजकीय पक्ष आणि राज्यसंस्था यांच्या परस्पर संबंधांचा विषय निघाला म्हणजे बहुधा इजिप्त, तुर्कस्थान किंवा पाकिस्तान यांचे दाखले पुढें केले जातात. इंडोनेशियाकडे लक्ष क्वचितच जातें. वास्तविक ज्या देशांत शेंकडा ८७ च्या आसपास लोक मुसलमान आहेत, जेथें एका इस्लामी पक्षाच्या पुढाऱ्यानें १९५० सालीं मुख्य प्रधानपद भूषविलें, जेथें तो पक्ष निवडणुकीस उभा राहिला, लोकांनीं दिलेला कौल त्यानें निमूटपणें मान्य केला, आणि १९६० सालीं सरकारी हुकुमानें तो नाहींसाही झाला, त्या देशाचा इतिहास या प्रश्नावर जितका प्रकाश टाकतो, तितका दुसऱ्या कोणत्या देशाचा टाकीत असेल कीं नाहीं याची शंकाच आहे. त्या पक्षाचें नांव मशुमी.

या कथेचें मूळ डच अमदानींत आहे. स्नूक हुर्खोन्ये नांवाचा एक डच पंडित १८८५ सालीं मक्केंत राहून आला होता. १८८९ पासून तो डच ईस्ट इंडीजच्या सरकारचा सल्लागार झाला. त्याचा उपदेश थोडक्यांत असा होता, कीं नमाज, रोजा आणि हज यांत सरकारनें हात घालूं नये, उलट औदार्य दाखवावें. परंतु तोच धर्म राजकारणाचें रूप घेऊन उभा राहिला तर त्यास वेळींच दडपून टाकावें. डचांचें राज्य गेलें. पण मशीद आणि दरबार यांच्यामध्यें त्या पंडितानें जी रेघ ओढली ती पुढील स्वदेशी राज्यकर्त्यांनींही पुसली नाहीं. कांहींनीं तर ती अधिकच ठळक केली.

१९४२ सालीं जपानी आले. त्यांना खेडोपाडींच्या मौलवींचें सहाय्य हवें होतें, म्हणून १९४३ मध्यें त्यांनीं इंडोनेशियन मुसलमानांची एक मध्यवर्ती मसलतसभा स्थापन करविली. अरबी ‘मजलिस’ आणि ‘शूरा’ या शब्दांवरून तिच्या लांबलचक नांवाचा संक्षेप मशुमी असा झाला. तींत दोन मोठ्या संस्था एकत्र आल्या. एक १९१२ सालची मुहम्मदिया. ही शहरवासी, सुधारक, शाळा व दवाखाने काढणारी. दुसरी १९२६ सालची नहदतुल उलेमा. ही पूर्व जावाच्या खेड्यांतील, परंपरेस धरून चालणाऱ्या गुरुकुलांची. या दोघींचा संसार एका घरांत नीट चालणें मुळींच सोपें नव्हतें, हें पुढें दिसून येईल.

जपानचा पराभव दृष्टिपथांत येतांच स्वतंत्र इंडोनेशियाची घटना करण्यासाठीं एक मंडळ बसलें. १९४५ च्या जूनच्या १ तारखेस सुकार्णो यांनीं त्यापुढें आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत ‘पंचशील’ मांडलें. (हा शब्द आपल्याकडे १९५४ च्या भारत-चीन करारामुळें परिचित झाला, पण इंडोनेशियाचें पंचशील त्याहून जुनें आणि अगदीं निराळें आहे. तें परराष्ट्रधोरणाचें सूत्र नसून राज्याचें अधिष्ठान आहे.) राज्य धर्मावर उभें राहावें असें म्हणणाऱ्यांचें एवढ्यानें समाधान झालें नाहीं. तेव्हां नऊ जणांची एक समिति नेमण्यांत आली, आणि २२ जून रोजीं तिनें एका मसुद्यावर सह्या केल्या. हीच जकार्ता सनद. या नवांमध्यें सुकार्णो, हत्ता, नहदतुल उलेमाचे वाहिद हाशिम आणि मारामिस हे एक ख्रिस्ती गृहस्थही होते. सनदेंत ईश्वरश्रद्धेच्या तत्त्वाला जोडून सात शब्दांचें एक पुच्छ होतें. त्याचा अर्थ असा, कीं इस्लामच्या अनुयायांवर इस्लामी शरीयत पाळण्याचें बंधन राहील.

हें बंधन कोणीं घालावयाचें? प्रत्येकाच्या मनानें कीं राज्याच्या शिपायानें? शब्दांमध्यें याचें उत्तर नव्हतें, आणि सर्व भांडणाचें बीज तेथेंच होतें. अंबोनच्या लातुहारहारी या ख्रिस्ती सभासदानें जुलैमध्यें आक्षेप घेतला. उलट बाजूनें मुहम्मदियाचे अध्यक्ष की बागुस हादिकुसुमो हेही असंतुष्टच होते. त्यांना ‘अनुयायांवर’ ही मर्यादाच नको होती. सुकार्णो यांनीं दोन्ही बाजूंना बजावलें, कीं ही मोठ्या कष्टानें साधलेली तडजोड आहे, ती मोडूं नका.

पण ती मोडली, आणि तीही दोन महिन्यांच्या आंत. १७ ऑगस्ट रोजीं स्वातंत्र्य जाहीर झालें. हत्ता यांनीं आपल्या आठवणींत लिहिलें आहे, कीं त्याच दिवशीं सायंकाळीं जपानी आरमाराचा एक अधिकारी त्यांच्या घरीं आला आणि पूर्वेकडील बेटांतील ख्रिस्ती लोकांचा या शब्दांस सक्त विरोध असल्याचा निरोप त्यानें सांगितला. शब्द तसेच राहिले तर ते प्रांत नव्या राज्यांत सामील होणार नाहींत, असा त्याचा रोख होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सभेपूर्वीं हत्ता यांनीं की बागुस व इतर कांहीं मुसलमान पुढाऱ्यांना बाजूस घेतलें. हत्ता म्हणतात कीं पंधरा मिनिटांच्या आंत निकाल लागला. सात शब्द गेले. त्यांच्या जागीं ईश्वर एकमेव आहे एवढेंच राहिलें. राष्ट्राध्यक्ष मुसलमानच असावा, हें कलमही त्याबरोबर गेलें.

त्या पंधरा मिनिटांत ज्यांनीं मान तुकविली त्यांना कमी लेखणें योग्य होणार नाहीं. डच परत येण्याच्या बेतांत होते, जपानी सैन्य अजून देशांतच होतें, आणि एक दिवसाचें राज्य फुटूं पाहत होतें. शिवाय सुकार्णो यांनीं सर्वांस आश्वासन दिलें होतें, कीं ही घटना घाईची व तात्पुरती आहे. शांतता होतांच लोकनियुक्त सभा भरेल आणि पुरती घटना तयार करील. मुसलमान पुढाऱ्यांनीं शब्द सोडले ते या वचनावर. पुढील चौदा वर्षांचें राजकारण समजून घ्यावयाचें तर हें वचन ध्यानांत ठेवावें लागतें.

नव्या राज्यानें एक गोष्ट मात्र ताबडतोब दिली. १९४६ च्या ३ जानेवारीस निराळें धर्मखातें निघालें. विवाहनोंदणी, धार्मिक शिक्षण, न्यायाधिकरणें, हज या सर्वांचा कारभार त्याकडे गेला, आणि हजारों मौलवी सरकारी पगारावर आले. घटनेंत जें मिळालें नाहीं त्याची ही भरपाई होती असें पुष्कळांचें मत आहे; तें चुकीचें वाटत नाहीं.

दरम्यान नोव्हेंबर १९४५ मध्यें योग्यकर्ता येथील परिषदेंत मशुमी हा खुला राजकीय पक्ष बनला. जपानी नांव राहिलें, पण कारभार आपला झाला. १९४९ पासून त्याचे अध्यक्ष होते मुहम्मद नात्सिर. १९०८ सालीं पश्चिम सुमात्रांत जन्मलेला हा मनुष्य बांडुंगच्या डच शाळेंत शिकला, पण मनानें धर्मशिक्षकच राहिला. १९४० सालीं सुकार्णो यांनीं कमाल अतातुर्कची तारीफ करून धर्म राज्यापासून वेगळा ठेवावा असें लिहिलें, तेव्हां त्यास सविस्तर उत्तर देणारा तरुण हाच. जॉर्ज केहिन या अमेरिकन अभ्यासकानें लिहून ठेविलें आहे, कीं नात्सिर माहितीखात्याचे मंत्री असतांना त्यांच्या अंगावर ठिगळें लावलेला सदरा असे. त्या काळच्या मंत्र्यांत ही गोष्ट सर्रास आढळत असे असें नाहीं.

इंडोनेशियाच्या लोकसभेचें नांव मराठी माणसास ऐकावयास मौजेचें वाटेल: ‘देवान पर्वाकिलान राक्यात’. दिवाण, वकील आणि रयत हे तिन्ही शब्द आपल्या दप्तरांतलेच. रयतेच्या वकिलांचें दिवाण एवढाच त्याचा अर्थ. या दिवाणांत मशुमीनें जो व्यवहार केला तो पाहतां, इस्लामी पक्ष म्हणजे संसदेचा शत्रु हें समीकरण येथें तरी जुळत नाहीं. १९५० च्या एप्रिलमध्यें संघराज्याचे तुकडे एकत्र आणून एकसंध गणराज्य करण्याचा ठराव नात्सिर यांनींच आणला, आणि त्या सप्टेंबरांत ते मुख्य प्रधान झाले. कॅथॉलिक पक्षाचे पुढारी कासिमो हे सभागृहांत त्यांचे विरोधक, आणि बाहेर स्नेही. पक्षाचें मंत्रिमंडळ आठ महिन्यांच्या आंत पडलें, तेव्हां त्यांनीं खुर्ची सोडली व पुन्हां बाकावर येऊन बसले.

पक्षाच्या पायांत दोन बेड्या मात्र होत्या. पहिली दारुल इस्लामची. ७ ऑगस्ट १९४९ रोजीं कार्तोसुविर्यो यानें पश्चिम जावाच्या डोंगरांत स्वतंत्र इस्लामी राज्य पुकारलें, आणि पुढें सुलावेसी व आचे येथील बंडखोर त्यास मिळाले. मशुमीनें या मार्गाचा पुरस्कार केला नाहीं. परंतु शस्त्रापेक्षां समेट बरा, असें तो म्हणे. तेवढ्यावरून विरोधकांनीं त्याच्यावर संशयाचा डाग उडविला, तो कधींच धुवून निघाला नाहीं. कार्तोसुविर्योला १९६२ सालीं पकडून देहांत शिक्षा देण्यांत आली. दुसरी बेडी घरांतली. १९५२ सालीं नव्या मंत्रिमंडळांत धर्मखातें मुहम्मदियाच्या माणसाकडे गेलें, आणि नहदतुल उलेमानें निराळा पक्ष काढला. खेड्यांतील मौलवी एकदम वेगळे झाले. एका खात्यावरून घर फुटलें हें खरें असलें, तरी शहरी सुधारकांनीं आपल्याला अडाणी मानावें याचा जो राग वर्षानुवर्षें साठला होता, तो यांत अधिक होता.

१९५५ च्या २९ सप्टेंबरला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळीं मुख्य प्रधान मशुमीचेच बुर्हानुद्दीन हराहप होते. राष्ट्रीय पक्षास शेंकडा २२.३ मतें, मशुमीस २०.९, नहदतुल उलेमास १८.४, आणि कम्युनिस्टांस १६.४ मिळालीं. लोकसभेंतील नहदतुल उलेमाच्या जागा ८ होत्या, त्या ४५ झाल्या. लहानमोठे सर्व इस्लामी पक्ष मिळून बेरीज शेंकडा ४४ च्या आंतच राहिली. जेथें शेंकडा पंचाऐशींहून अधिक लोक मुसलमान, तेथें निम्म्याहून अधिक मतदारांनीं इस्लामी पक्षास मत दिलें नाहीं. मुसलमान असणें आणि इस्लामी पक्षाचा असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें जावाच्या शेतकऱ्यानें मतपेटींतून सांगितलें.

आणि तरीही १९४५ चें वचन उरलेंच होतें. १० नोव्हेंबर १९५६ रोजीं बांडुंग येथें घटनासमिति भरली. सभासद ५१४, त्यांत इस्लामी पक्षांचे २३० च्या आसपास. कोणत्याही तत्त्वास दोन तृतीयांश मतें हवींत, आणि तीं ना इस्लामवाल्यांपाशीं होतीं ना पंचशीलवाल्यांपाशीं. १९५७ च्या नोव्हेंबरांत नात्सिर यांनीं तेथें जें भाषण केलें, त्यांत राज्याला दोनच पाये संभवतात, एक निधर्मीपणाचा आणि दुसरा धर्माचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. याच नात्सिरनीं १९५२ सालीं कराचीच्या व्याख्यानांत पंचशील व इस्लाम यांत विरोध नाहीं असें सांगितलें होतें. विरोधकांनीं ही विसंगति दाखविली, तें स्वाभाविक होतें. परंतु घटनासमिति म्हणजे प्रत्येकानें आपलें अंतिम मत मांडण्याची जागा, आणि मुत्सद्याचें व्याख्यान म्हणजे नव्हे, हा भेदही विसरतां येत नाहीं. शिवाय समितीचें काम वाया चाललें होतें असेंही नाहीं. नागरिकांचे हक्क, राज्यकारभाराची रचना अशीं पुष्कळ कलमें एकमतानें ठरलीं होतीं. अडून राहिला होता तो मुख्यतः पाया.

सुकार्णो यांस थांबावयाचें नव्हतें. पक्षांचें भांडण बंद करून ‘मार्गदर्शित लोकशाही’ आणण्याची त्यांची योजना १९५७ च्या फेब्रुवारींत पुढें आली, तेव्हां ती धुडकावून लावणाऱ्यांत मशुमी आणि कॅथॉलिक पक्ष हे दोघेही होते. वातावरण तापत गेलें. राजधानींत झुंडी मशुमीच्या पुढाऱ्यांना त्रास देऊं लागल्या. नात्सिर, बुर्हानुद्दीन आणि साफ्रुद्दीन प्रवीरनगर हे सुमात्रांत निघून गेले, आणि १५ फेब्रुवारी १९५८ रोजीं तेथें नाराज लष्करी अधिकाऱ्यांनीं जें बंडखोर सरकार पुकारलें त्यांत ते सामील झाले; साफ्रुद्दीन तर त्याचे मुख्य प्रधान. मशुमीच्या सबंध चरित्रांत याहून मोठी चूक दाखवितां येणार नाहीं. ज्यांनीं दहा वर्षें सनदशीर मार्गाचा पाठ घालून दिला त्यांनींच तो सोडला, आणि सुकार्णो यांना हवें तें निमित्त हातीं दिलें. जकार्तांत राहिलेल्या पक्षानें बंडाला घटनाबाह्य म्हटलें, पण आपल्या पुढाऱ्यांना पक्षांतून काढलें नाहीं.

१९५९ च्या एप्रिलमध्यें सुकार्णो यांनीं घटनासमितीस १९४५ च्या जुन्या घटनेकडे परत चला असें सुचविलें. इस्लामी पक्ष म्हणाले, सात शब्दांसह असेल तर येतों. ती दुरुस्ती २०१ विरुद्ध २६५ मतांनीं पडली. मग मूळ सूचनेवर तीनदां मतें घेतलीं. पहिल्या वेळीं २६९ अनुकूल व १९९ प्रतिकूल. बहुमत होतें, दोन तृतीयांश नव्हतें. ५ जुलै रोजीं सुकार्णो यांनीं फर्मान काढून समितीच बरखास्त केली आणि जुनी घटना पुन्हां लागू केली. फर्मानांत एक वाक्य असें घातलें, कीं जकार्ता सनद ही या घटनेचा प्राण आहे. प्राण आहे, पण देह नाहीं! या वाक्याचा कायदेशीर अर्थ काय, यावर पुढें कित्येक वर्षें वाद चालला.

नव्या व्यवस्थेंत नहदतुल उलेमानें भाग घेतला; दोन अनिष्टांतून लहान तें पत्करावें, असा शास्त्रार्थ तिच्या मौलवींनीं काढला. मशुमीनें नकार दिला. १७ ऑगस्ट १९६० च्या हुकुमानें, ज्या पक्षाचे पुढारी बंडांत गेले आणि ज्यानें त्यांस झिडकारलें नाहीं, त्या पक्षानें विसर्जित व्हावें असें ठरलें, आणि सप्टेंबरांत मशुमीनें आपला कारभार आटोपला. जातां जातां हेंही नमूद करावें, कीं त्याच वेळीं समाजवादी पक्षही गेला, आणि तो तर धर्माचें नांवही घेत नव्हता. शरीयत मागितली म्हणून मशुमी बुडाला हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. एकाच्या हातीं सर्व सत्ता जाऊं नये असें त्यानें म्हटलें, हें दुसरें अर्ध.

१९६६ नंतर सुहार्तो आले, आणि तुरुंगांतून सुटलेल्या नात्सिर यांच्या मंडळींस वाटलें, आतां आपले दिवस आले. १९६७ च्या आरंभींच सुहार्तो यांनीं लेखी कळविलें, कीं मशुमी पुन्हां उभारण्यास सेनादलांची संमति नाहीं. १९६८ सालीं पार्मुसी नांवाचा नवा पक्ष निघूं दिला, पण त्यानें जुन्या मशुमीचे मुहम्मद रुम यांस अध्यक्ष निवडतांच सरकारनें नापसंति दर्शविली आणि रुम यांस जागा मिळाली नाहीं. १९७१ च्या निवडणुकींत सरकारी गोलकार संघटनेस शेंकडा ६२.८ मतें, पार्मुसीस ५.४. नहदतुल उलेमास मात्र १८.७, म्हणजे सोळा वर्षांपूर्वींइतकींच! खेड्यांतील मौलवी जागचा हलला नव्हता.

तेव्हां १९७३ सालीं सरकारनें चारही इस्लामी पक्षांची मोट बांधून एकच संयुक्त विकास पक्ष करविला. त्याच वर्षीं विवाहाचा असा कायदा आणला, कीं सरकारी नोंद हीच विवाहाच्या वैधतेची कसोटी ठरावी. मुसलमान तरुणांनीं लोकसभेच्या दालनांत शिरून ठाण मांडलें, आणि सरकारनें माघार घेतली. १९७४ चा कायदा धर्मविधीस प्रमाण मानूनच झाला. पण राजकारणाच्या बाबतींत अशी माघार कधींच मिळाली नाहीं. १९८५ च्या कायद्यानें प्रत्येक पक्षास पंचशील हेंच एकमेव अधिष्ठान मानणें भाग पडलें. संयुक्त पक्षाला आपलें काब्याचें चिन्ह सोडून तारा घ्यावा लागला. नहदतुल उलेमा तर १९८४ सालींच त्यांतून बाहेर पडली होती. १९८२ सालीं त्या पक्षाला शेंकडा २७.८ मतें होतीं, १९८७ सालीं १६ च्या आंत आलीं. सुहार्तो स्वतः १९९१ सालीं हजला जाऊन आले. स्नूक हुर्खोन्येला यांत नवल वाटण्यासारखें कांहींच नव्हतें.

१९९८ सालीं सुहार्तो गेल्यावर बंधनें सुटलीं. १९९९ च्या निवडणुकींत ४८ पक्ष उतरले. मशुमीचा वारसा सांगणाऱ्या पक्षास शेंकडा २ सुद्धां मतें मिळालीं नाहींत. वाहिद हाशिम यांचे पुत्र अब्दुर्रहमान वाहिद हे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १ वर्ष ९ महिन्यांनीं पदच्युतही झाले. २००२ सालीं सात शब्द घटनेंत परत घालण्याचा शेवटचा मोठा प्रयत्न झाला. त्या वेळीं नहदतुल उलेमा आणि मुहम्मदिया या दोन्ही संस्थांच्या नेत्यांनीं त्यास विरोध केला, आणि सूचना पुरेशा पाठिंब्याअभावीं बारगळली. १९४५ सालीं ज्या मुहम्मदियाचे अध्यक्ष ते शब्द सोडण्यास सर्वांत नाखूष होते, तिचाच हा निर्णय. यांत भीति किंवा लाचारी शोधण्याचें कारण नाहीं. सत्तावन्न वर्षें स्वतःच्या शाळा, विद्यापीठें व इस्पितळें चालवून तिला शिपायाच्या मदतीची गरज उरली नव्हती.

आचे प्रांताची गोष्ट निराळी. तेथील जुनें बंड शमविण्यासाठीं १९९९ व २००१ च्या कायद्यांनीं त्या प्रांतास शरीयत लागू करण्याचा अधिकार देण्यांत आला. तेथें शरीयतीचे शिपाई आहेत आणि जाहीर फटक्यांची शिक्षाही आहे. बंधन कोणीं घालावयाचें, या १९४५ च्या प्रश्नाचें एक उत्तर तेथें पाहावयास मिळतें. इतर प्रांतांनीं तें उचललेलें नाहीं, जरी कित्येक जिल्ह्यांनीं पोशाख, मद्य इत्यादींविषयीं स्थानिक नियम केले आहेत. राज्याचा हात आतां पक्षांपेक्षां संघटनांवर अधिक पडतो: २०१७ सालीं हिज्ब-उत-तहरीर आणि २०२० सालीं इस्लाम संरक्षक आघाडी यांच्यावर बंदी आली, आणि पहिलीच्या वेळीं न्यायालयाच्या अगोदर विसर्जन करण्याची तरतूद वटहुकुमानें झाली. १९६० ची आठवण असलेल्यांना ही रीत पसंत पडली नाहीं.

नात्सिर १९९३ सालीं वारले. शेवटचीं कित्येक वर्षें सुहार्तो यांच्यावर टीका करणाऱ्या पन्नास जणांच्या पत्रकावर सही केल्याबद्दल त्यांना परदेशीं जाण्याची मनाई होती. २००८ सालीं त्याच राज्यानें त्यांस राष्ट्रवीर ही पदवी दिली. १९७३ सालीं सरकारनें बांधलेली संयुक्त विकास पक्षाची मोट २०२४ च्या निवडणुकींत शेंकडा ३.८७ मतांवर अडली. लोकसभेंत जाण्यास त्या वेळीं ४ लागत होतीं, म्हणून स्थापनेपासून प्रथमच तो पक्ष बाहेर राहिला. या वेळीं कोणाचा हुकूम निघाला नव्हता. मतदारांनीं मतें दिलीं नाहींत, एवढेंच.